लाल चिंध्यांची शर्यत

शर्यतीचे नियम मला नका शिकवू. टीव्ही नुकते रंगीत झाले होते, तेव्हा बोईसरच्या आमच्या कारखान्याने डोंगरातून पळत सरावलीच्या मैदानात यायची शर्यत ठेवली. नियम सांगायचं काम माझ्याकडे. मी खुर्चीवर उभा राहून बजावलं, "झाडांना लाल चिंध्या बांधल्यात. चिंधी दिसेल तिकडेच पळायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

दोन तास झाले तरी मैदानात कोणी फिरकेना. घाबरून डोंगरात शिरलो, तर आमचे गडी देवाच्या झाडाखाली बसून प्रसादाचं खोबरं खात होते. पाड्यावरची एक बाई म्हणाली, "नवसाच्या चिंध्या कोनी तरी भलत्याच वाटेला बांदल्या व्हत्या. आमी सोडून देवाच्या वाटेला लावल्या."

धापा टाकत मैदानात परतलो, तर स्टोअरमधला सावंत एकटाच उभा. पहिला आला होता.

"तुला रस्ता कसा सापडला रे?"

"चहा पिऊन आलो तर सगळे सुटलेले. मग लाकडं नेणाऱ्या बायांना सरावली विचारत विचारत आलो. का, काही नियम होते का?"