माळेगावच्या तात्यांचा कार्बोरेटर

तुम्हाला सांगते, स्कूटरला पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हाच मी ती दुरुस्तीला नेली. सोमवारी इंदापूरच्या कॉलेजात नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि गाडी बाबांच्या तरुणपणातली.

भवानीनगरचा मिस्त्री म्हणाला, "कार्बोरेटर गेला, ताई. नवा मिळायचा न्हाय, कंपनीच बंद पडली. पण माळेगावच्या तात्यांकडं अशीच गाडी उभी हाय. तिचा मागा."

नंबरही त्यानंच दिला. मागायचं कसं, हे मी चारदा घोकलं. पाच वेळा नुसतीच रिंग वाजली. सहाव्यांदा तात्यांनी उचलला. मी नाव सांगताच ते आनंदानं ओरडले, "व्हय व्हय, मिस्त्री बोललाय! तुमची गाडी बंद पडली म्हनं. मग तिचा कार्बोरेटर मला देता का?"