पिवळा रंग

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मी काउंटरवर होते; माझ्यापुढे एक म्हातारबाबा उभे होते. हातात पिवळ्या रबरी रंगाचा डबा.

"हा ब्रेकच्या कॅलिपरला चालेल ना, पोरी? नको झाला की सोलून काढता येतो म्हणे."

"नका लावू, काका. ब्रेक तापले की रबर मऊ पडतं. उष्णता सोसणारा रंग घ्या."

"तो निघतो का?"

"तो कशाला निघतोय!"

"मग नको. गाडी मुलीची आहे. तिला पिवळा आवडायचा. आता आवडतो की नाही, कोण जाणे."

"फोन करून विचारा की."

"भांडून पर्थला गेली. सहा वर्षं झाली, फोन उचलत नाही."

"मग गाडी चालवतं कोण?"

"कोणी नाही. दर रविवारी जागेवरच इंजिन सुरू करतो, इतकंच."

"मग ब्रेक तापणारच नाहीत. लावा खुशाल. ती यायच्या आधी सोलून टाका, म्हणजे झालं."

"ती कळवून थोडीच येणार आहे? दारात उभी राहील आणि आधी किल्ली मागेल."

बाबांनी डबा फळीवर परत ठेवला.

"मग काय देऊ, काका?"

"तारेचा ब्रश दे. गंज तेवढा काढून ठेवतो."