तांबडी नदी आढळून आली नाही

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटं, माह्या घराचा वटा — हे पंचनाम्यात लिहा, मॅडम, एवढं तरी बिनचूक लिहा. उंद्रीची चारची गाडी पुलावर येऊन थांबली, ड्रायव्हरनं खाली पाह्यलं आन् गाडी तशीच मागं घेतली, म्हणून वेळ पक्की. पाणी आधी जिनिंगच्या नव्या भिंतीले धडकलं, भिंतीनं त्याले वळवलं, आन् ते सरळ माह्या घरात शिरलं, पाहुण्यासारखं — पाहुणा तरी चपला बाहेर काढते! आमची रुखमाबाई पाटावर पाट रचून वर बसली होती, मांडीत कोंबडी. काय म्हणता? काय लिहून राह्यले? ‘नाल्याचे पाणी’? खोडा. आधी ते खोडा. नाला नाही मॅडम, नदी हाय ते. तांबडी नदी.

तुम्ही नव्या तलाठी, येऊन महिना नाही झाला, तुमची चूक नाही. या इकडं, वट्यावर उभ्या राहा. तो डोंगर दिसते? त्याच्या पोटात उंबराखाली झरा हाय, तिथून निघते. गावाले वळसा घालते, मसणवट्याच्या कडेनं पुलाखाली येते, आन् पुढं चार कोसावर मोठ्या नदीले मिळते. बकरी उडी मारून पार करते, मान्य — पण बकरीनं उडी मारली म्हणून नदीचा नाला होते काय?

आन् तांबडी काऊन? काठावर रंगारी होते. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या उकळून लाल लुगडी रंगवत, उरलेलं पाणी नदीत. आजा सांगे, खालच्या गावची म्हैस डुंबून निघाली का अर्धी काळी, अर्धी लाल. मंग विलायतेची रंगाची पुडी आली, रंगाऱ्यांचा धंदा बसला, त्याच जागी इंग्रजाच्या काळात कापसाचं जिनिंग आलं — बॉयलर, चिमणी, भोंगा. भोंग्यावर गाव उठे, भोंग्यावर जेवे, दोन भोंग्यांच्या मधात भांडे. बॉयलर पाणी कोणाचं पेत होता? तांबडीचं! मी अठ्ठावीस वर्षं पाण्याच्या पंपावर होतो, नदी माह्या हातानं जिनात जात होती. मंग कोणाले तरी अक्कल सुचली, सरकीच्या तेलाचा साबण काढा. सात वर्षं नदीले नुसता फेस. बाया साबण विकत न घेता धुणं धुवत, आन् मालक विचारे, आपला साबण काऊन खपत नाही! एवढ्या जणांले पोसलं तिनं, एकानं तिले विचारलं नाही. आन् आता कागदावर नदीच नाही.

नाही म्हणजे कशी? ऐका. चोवीस सालचा मे महिना. जिनिंगचे आताचे मालक अर्जुनराव, त्यांले गोदाम बांधाचं होतं, गोदामाले भिंत पाहिजे, आन् भिंत बरोबर पात्राच्या मधातून. तुमच्या आधीचे साहेब आले, दोन पंच घेतले, आन् लिहिलं — ‘सदर जागी नदी अथवा वाहता प्रवाह आढळून आला नाही.’ मे महिन्यात, मॅडम! मे महिन्यात कोणती नदी आढळते? आन् ते पंच कोण, ज्यांनी त्याच्याखाली सही ठोकली? लाज वाटाले पाहिजे. असल्या बिनकण्याच्या लोकांले तर भर चौकात —

आं? … हाव. सही माहीच हाय.

आता असं पाहू नका. मी गावचा पंच हाय, तीस वर्षांपासून. वीज पडून बैल मेला — बोलवा कारभारीले. गोठा जळला, बांध कोरला, मोटार चोरीले गेली — कारभारी. काऊन? सातवी पास, सही वळणदार, आन् माणूस घरीच. पंचाचं काम काय असते? साहेब लिहिते, पंच सही करते, चहा पेते. वाचणारा पंच पाह्यला का तुम्ही कधी? वाचलं तर साहेबाले वाटते, याचा आपल्यावर भरोसा नाही. आन् त्या दिवशी ऊन केवढं! जाग्यावर कोण जाते? अर्जुनरावच्या कचेरीत कूलरसमोर बसलो, शेगावची कचोरी होती, गरम, कागद कोरा होता — म्हणजे अर्धा कोरा. पण मी खिडकीतून पाह्यलं बरं का, असं नाही. खिडकीले पडदा होता. नदी काही आढळली नाही.

हसू नका, मॅडम. ही मागची भिंत बोटानं दाबून पाहा. गेलं न बोट आत? अजून एक असा पाऊस, आन् हे घर बसन. जिनिंगची भिंत पाडा म्हणून अर्ज देला, तर तहसीलातून उत्तर आलं, नदीच नाही तर भिंत अडवते कोणाले? आधार कशाचा? माह्या सहीचा. आज तुम्ही ‘नाला’ लिहान, तर तेच पक्कं होईन. म्हणून आज सही नाही. चला आधी, झऱ्यापासून पुलापर्यंत, पायी. चिखल हाय, चपला हातात घ्या. मंग लिहा ‘नदी’, तशी सही ठोकतो, दोनदा ठोकतो.

तो जुना पंचनामा हाय तुमच्यापाशी? झेरॉक्स? द्या, पाहू द्या — भरलेला मी आजच पाहून राह्यलो. हं, ही माही. काय ‘क’ काढला, पाहा! आन् हा खाली दुसरा पंच, सही नाही, आंगठा हाय. दुसरा पंच तर कचेरीत नव्हताच हो, मी एकलाच होतो. साहेब म्हटले, तो मागून येते. कोण हाय हा… शे… शेषराव…

थांबा. रुखमे, माहा चष्मा आण.

शेषरावच. जिनात बॉयलरवर होता माह्यासंग. नाही मॅडम, दुसरा शेषराव नाही गावात. आन् हा आंगठा माहा नाही, मी सही करणारा माणूस. रुखमे, चहा ठेवू नको. मॅडम, तुम्ही तो पेन बंद करा, आन् जा आता, सीधे तहसीलले जा, चिखल उद्या पाहू. हा कागद पिशवीत घालू नका, हातात धरून न्या. तेवीसच्या पोळ्याले वारला शेषराव. खांदा मी देला, राख मी सावडली, मीच तांबडीत सोडली, गुडघाभर पाण्यात उभं राहून. आन् त्याच्या आठ महिन्यांनंतर, त्याचा आंगठा लिहून देते — नदी आढळून आली नाही.