सिस्टरबाईनं वाजवलेल्या टाळ्या

इथी जमलेल्या भाऊ-बाईहो, मोहाटोलीवरून पायी आलेल्या साऱ्या लोकहो, समोर बसलेले आपले नगराध्यक्ष नानाभाऊ, आणि सिस्टरबाईच्या घरची माणसं...

मले बोलता येत नाई. लाजून म्हणत नाई, खरंच येत नाई. या गावात लग्न असो का मयत, माईक माझा असते. मी 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतो आणि खाली उतरतो. सलीम माईकवाल्याचं भाषण तिथीच संपते. आज उतरता येत नाई. जरा सांभाळून घ्या.

आजच्या शोकसभेत बोलणाऱ्यात माझं नाव नव्हतं. मी उठलो ते नानाभाऊचं ऐकून. नानाभाऊ आत्ता चांगलं बोलले. म्हणाले, शकुनबाई मले मोठ्या बहिणीसारख्या होत्या. म्हणाले, निवडणुकीत आम्ही समोरासमोर होतो, तरी त्याईनं भरसभेत माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. खरं आहे. त्या सभेचा माईक माझाच होता. मी दोन हातावर उभा होतो. पण नानाभाऊ, माफ करा, ती गोष्ट तुम्ही अर्धीच सांगतली. उरलेली मी सांगतो.

चंद्रपूरवरून, मूलवरून लोक आले आहेत, त्याईच्यासाठी थोडं मागून सांगा लागन. शकुन मडावी म्हटलं तं गावातले निम्मे लोक 'कोण?' म्हणतीन. सिस्टरबाई म्हणा, लगेच कळन. सरकारी दवाखान्यात त्या नोकरीभर नर्स होत्या. या मंडपातल्या कितीक जणाईचा जन्म त्याईच्या हातावर झाला. माझ्या दोन्ही पोरी त्याईच्याच हातच्या. मोठीच्या वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर रडत बसलो होतो, तं बाहेर येऊन म्हणाल्या, "सलीमभाऊ, बाळंतपण तुमचं आहे का तुमच्या बायकोचं? उठा, चहा आणा."

असा स्वभाव. गोड बोलणं नाई. सुई टोचताना 'दुखणार नाई' असं त्या कोणालेच म्हणाल्या नाई. म्हणत, "दुखन. मंग थांबन." लेकरं त्याईले भ्यायची आणि मोठी माणसं जास्त भ्यायची.

रिटायर झाल्यावर साऱ्याईनं सांगतलं, गावात घर घ्या. त्या गेल्या मोहाटोलीले, आपल्या माहेरच्या घरी. मोहाटोली कुठी आहे? आपलं गाव जिथी संपते आणि जंगल जिथी सुरू होते, तिथी. आणि आपल्या साऱ्या गावाचा कचरा कुठी पडते? तिथीच. तुमच्या घरचा, माझ्या घरचा, हॉटेलचा, मटन मार्केटचा, सारा मोहाटोलीच्या वळणावर. कचऱ्यावर डुकरं आली. कुत्रे आले. कुत्र्याईच्या मागं बिबट आला. बिबटाले काय दोष देता? त्याले आपणच जेवाले बोलावलं.

एका संध्याकाळी सिस्टरबाईच्या शेजारची रोशनी अंगणात भांडे धुऊन राह्यली होती. बिबटानं तिले अंगणातून नेलं. सकाळी सापडली. बस, याच्यापुढं सांगत नाई. तिचे मायबाप इथी बसून आहेत. त्या पोट्टीचाही जन्म सिस्टरबाईच्याच हातावर झाला होता.

मंग सिस्टरबाई अर्ज घेऊन फिरल्या. वनविभाग म्हणे, कचरा नगर परिषदेचा आहे. नगर परिषद म्हणे, बिबट वनविभागाचा आहे. दोघंही बरोबर बोलले! फक्त रोशनी कोणाचीच नव्हती. एक दिवस नगर परिषदेतून बाहेर आल्या, माझ्या दुकानासमोर थांबल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "सलीमभाऊ, इथी साऱ्याईचं म्हणणं पडलं की अध्यक्षाशिवाय काई होत नाई. मंग मलेच अध्यक्ष व्हा लागते."

मी हासलो. वाटलं, गंमत करून राह्यल्या. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून आल्या.

नानाभाऊ, तुमच्यासमोर उभं राहाले तवा कोणी तयार नव्हतं. मोठमोठ्या पार्ट्याचे लोक तुमच्याइथी येऊन चहा पिऊन जात. आणि इथी एक रिटायर नर्स, ना पार्टी, ना झेंडा. चिन्ह भेटलं कपबशी. आता त्याईले साखरेची बिमारी. पण चिन्ह कपबशी असन तं घरोघरी चहाच होणार ना! एका बाईच्या घरी मी म्हटलं, सिस्टरबाईले चहा नको, त्याईले साखर आहे. तं त्याईनं माझ्यावरच डोळे वटारले. "कपबशीचा उमेदवार चहाले नाई म्हणन काय? आण गं बाई, अर्धा आण." अख्खा प्रचार अर्ध्या-अर्ध्या चहावर झाला. संध्याकाळी ऑटोत बसून स्वतःच स्वतःची शुगर तपासत आणि आकडा पाहून स्वतःलेच शिव्या देत.

ऑटोवर वाजवाले मी मोठी झकास कॅसेट बनवली होती. 'मोहाटोलीची वाघीण, गोरगरिबाईची रणरागिणी...' ऐकलं आणि बंद कराले लावलं. म्हणाल्या, "वाघ-बिबटाच्याच तं भानगडीत उभी आहो, आणि तुम्ही मलेच वाघीण बनवता? 'कचरा डेपो हटवा, कपबशीले मत द्या.' एवढंच वाजवा." मी म्हटलं, बाई, याच्यानं हवा बनत नाई. तं म्हणाल्या, "मले हवा नाई पाहिजे. मले डेपो हटवाचा आहे."

पण भाऊहो, हवा बनली. बजाराच्या बाया येऊन मिळाल्या, राइस मिलवरचे हमाल आले, आमच्या मोहल्ल्यातली पोरं आली. ज्याईले त्याईनं सुया टोचल्या होत्या ते सारे आले. कोण जिंकन हे पानठेल्यावर पहिल्यांदा कोणाले सांगता येईना.

आणि मतदानाच्या आदल्या हप्त्यात, एका सकाळी, मोहाटोलीत नगर परिषदेचा जेसीबी आला. टिप्परच्या रांगा लागल्या. कचऱ्याचा डोंगर उचलून पलीकडच्या जुन्या मुरमाच्या खदानीत नेऊन टाकला. आचारसंहितेत आपल्याइथी नालीवरचं झाकण बदलत नाई, पण ही म्हणे साफसफाई आहे, तिले आचारसंहिता नाई. दुपारपर्यंत वळण चकाचक. वरून चुना टाकला, फोटो काढले.

मी धावत सिस्टरबाईकडे गेलो. म्हटलं, बाई, हा नानाभाऊचा डाव आहे. आपला मुद्दाच उचलून नेला. आज रात्री चौकात आपली मोठी सभा आहे, तिथी साफ सांगा की हे नाटक आहे, मतदान झालं की कचरा वापस येईन. त्या दारात उभ्या राहून वळणाकडे पाहत होत्या. मले म्हणाल्या, "सलीमभाऊ, वास येऊन राह्यला काय?" मी म्हटलं, नाई. म्हणाल्या, "माह्या घरात बी नाई येऊन राह्यला." आणि डोळे पुसले. मी त्याईले रडताना पाह्यलं ते तवाच.

चौकातली सभा तुमच्यापैकी कितीक जणाईले आठवत असन. पाय ठेवाले जागा नव्हती. सिस्टरबाईनं माईक हातात घेतला. म्हणाल्या, "आज मोहाटोलीत कचऱ्याची गाडी आली नाई. डेपो हटला. हे काम नानाभाऊनं केलं. टाळ्या वाजवा."

कोणी वाजवल्या नाई. लोकाईले समजेना, बाई आपल्या सभेत दुसऱ्याचा प्रचार काऊन करते. तवा त्याईनं माईक खाली ठेवला आणि एकटीनंच टाळ्या वाजवल्या. साऱ्या चौकात तेवढ्याच टाळ्या. मंग रोशनीच्या मायनं वाजवल्या. मंग मोहाटोलीच्या बायाईनं. मंग साऱ्याईनं. सिस्टरबाई म्हणाल्या, "माझं एकच काम होतं. ते झालं. आता मत कोणाले द्याचं, ही तुमची मर्जी."

माझं डोकं फिरलं होतं. वायर गुंडाळता गुंडाळता म्हटलं, बाई, तुम्ही आपल्या हातानं निवडणूक हारल्या. तं शांतपणे म्हणाल्या, "काऊन? पेशंट दुसऱ्या डॉक्टरच्या गोळीनं बरा झाला तं नर्सनं रडाचं काय?" मी म्हटलं, आणि त्यानं मतदानानंतर गोळी बंद केली तं? म्हणाल्या, "एवढ्या लोकाईच्या समोर टाळ्या घेतल्यावर कोणी बंद करन काय?"

त्याईचा विश्वास होता भाऊ. माझा नव्हता. त्याईचा होता.

त्या हारल्या. थोड्याच मतानं हारल्या. निकालाच्या दिवशी गुलाल उडून राह्यला होता, तवा त्या एकट्या नानाभाऊच्या घरी गेल्या. त्याईले बोलल्या, "भाऊ, डेपो आता खदानीतच राहू द्या." नानाभाऊ, तुम्ही साऱ्याईच्या समोर त्याईच्या पाया पडले. शब्द दिला. तो फोटो बाहेरच्या फ्लेक्सवर लागून आहे. आत येता येता पाह्यला मी. सिस्टरबाईपेक्षा तुमचा चेहरा जरा मोठा आला आहे, पण ते फ्लेक्सवाल्याचं काम, त्याचं मी काई म्हणत नाई.

ही झाली तुम्ही सांगतलेली अर्धी गोष्ट. आता उरलेली.

पाणी-पावसाचे दिवस आले, आणि एका सकाळी मोहाटोलीच्या वळणावर कचऱ्याची गाडी आली. म्हणे खदानीचा रस्ता चिखलात गेला, तात्पुरती व्यवस्था आहे. पाऊस संपला. चिखल वाळला. धान कापून झाला. तात्पुरती व्यवस्था आजही चालू आहे. आज सकाळीही गाडी आली. सिस्टरबाईले माती देऊन आम्ही आलो त्या दिवशीही आली होती.

सिस्टरबाई ओरडल्या नाई. लोक म्हणाले, मोर्चा काढू. त्या म्हणाल्या, थांबा, मी विचारून येते. नगर परिषदेच्या बाकड्यावर जाऊन बसत. साहेब मिटिंगमधी. साहेब नागपूरले. मंग त्याईनं वळणावर खुर्ची टाकली. रोज सकाळी तिथी बसत. गाडीचा ड्रायव्हर त्याईच्याच हातचा निंगला. तो गाडी थांबवे, मान खाली घालून बसे. त्याईले म्हणे, "सिस्टरबाई, मी काय करू?" त्या म्हणत, "तुही नोकरी आहे बाप्पा, तू जा." आणि खुर्ची बाजूले घेत.

वळणावर जळत्या कचऱ्याच्या धुरानं त्या गेल्या, असं मी म्हणत नाई. मी डॉक्टर नाई. वय होतं, साखर होती, छातीत पाणी झालं होतं. तब्येत कोणाच्या हातात नसते. त्याचा दोष मी कोणालेच देत नाई.

पण चंद्रपूरच्या दवाखान्यात मी भेटाले गेलो, तवाची गोष्ट सांगतो आणि बसतो. नाकाले नळी होती. मले पाहून म्हणाल्या, "गाडी येते काय?" खोटं बोलावं वाटलं. पण ज्या बाईनं कोणाले 'दुखणार नाई' असं खोटं सांगतलं नाई, तिले कसं सांगू? म्हटलं, येते.

मंग म्हणाल्या, "सलीमभाऊ, हारल्याचं मले काई नाई. पण मी टाळ्या वाजवल्या ना. रोशनीच्या मायले वाजवाले लावल्या. आता त्या टाळ्या वापस कशा घेऊ?"

 

नानाभाऊ, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा अपमान कराले मी उभा नाई. सिस्टरबाईले ते आवडलं नसतं, त्याईनं मले माईकवरून खाली ओढलं असतं. मी तुमच्याजवळ काई मागाले उभा आहो. त्या टाळ्या खोट्या आहेत का खऱ्या, हे आता त्या ठरवू शकत नाई. मी ठरवू शकत नाई. रोशनीची माय ठरवू शकत नाई. साऱ्या गावात एकच माणूस ठरवू शकते, आणि तो समोरच्या खुर्चीवर बसला आहे.

आता सभेचे अध्यक्ष उभं राहून मौन पाळाले सांगतीन. माझी हात जोडून विनंती आहे, मौन आज इथी नको. पंख्याच्या हवेत उभं राहणं सोपं आहे. उद्या सकाळी मोहाटोलीच्या वळणावर या. झेंडा नको, घोषणा नको. माईकही नसन, मी आणणार नाई. गाडी येईन तवा ड्रायव्हर इंजिन बंद करन, त्याच्याशी बोलणं झालं आहे. तिथी आपण सारे सिस्टरबाईसाठी उभे राहू. कचऱ्यासमोर, वासात, जसे मोहाटोलीचे लोक रोज राहतात.

नानाभाऊ, तुम्ही साऱ्याईच्या पुढं उभे राहा. मोठ्या बहिणीसाठी भावानंच पुढं राहा लागते. आणि मौन किती वेळ पाळाचं, हे कोणी घड्याळात पाहणार नाई. ते तुम्ही गाडी वापस पाठवाल तवा संपन.

सिस्टरबाई, तुमच्या लोकाईच्या रिवाजानं तुम्हाले शेवटचा नमस्कार करतो. सेवा, सेवा.