भिवाजीकाकाचा राजीनामा आन् बंदीतले कटला

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, सरपंच रत्नमालाताई, ज्याइच्यासाठी आपन जमलो ते आपल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भिवाजीकाका, मंचावरले मान्यवर, आन् जेवनाचा वास येऊनही खुर्ची न सोडनाऱ्या वरच्या तांड्यातल्या व खालच्या गावातल्या बंधू-भगिनींनो,

मी वरच्या तांड्यातला बबलू. गुजरातेत वेरावळले बोटीवर खलाशी. पावसाळ्यात मासे अंडे घालतात, समुद्रात मासेमारी बंद राह्यते, म्हनून सध्या मानोऱ्याच्या बाजारात दिसतो. वेरावळले एक तमाशा पाह्यला. एका राज्याची बंदी आधी सुटे, दुसऱ्याची मागून. आमची बोट दोरीले बांधलेली, आन् शेजारच्या राज्याची डोळ्यादेखत भरून जाये. आता सांगा, मासा कोन्या राज्याचा? त्याच्याजवळ काय आधार कार्ड हाय?

हे मी काकाले फोनवर सांगतलं. काका म्हनले, "आपला तलावही दोघाइचाच हाय ना बे!" आन् जे राज्याइले जमून नाही राह्यलं, ते काकानं केलं. तांडा आन् गाव, दोघाइची बंदी एकाच तारखेले. वरून ठराव असा, का बंदीत तांड्याचे जाळे गावात राह्यतीन, गावाचे तांड्यात. हमी काकाची.

टाळ्या थांबवा, पुढं जरा अवघड हाय.

मागच्या बंदीत तलावातले कटला मासे चोरीले गेले. तांडा म्हने, काकानं गावाले सूट देल्ली. गाव म्हने, तांड्याले. हमी काकाची, म्हनून काकानं राजीनामा लेहून देल्ला. पत्रिकेत आपन 'वयोमानानुसार' छापलं. कायले खोटं छापता?

अध्यक्ष महोदया, ते मासे मी धरले. संग खालच्या गावचा हरीओम होता. आमी दोघाइनं ठराव वाचून पाह्यला. बंदीत आपलं जाळं मिळत नाही, एवढंच आमाले समजलं. म्हनून मी त्याच्या गावाचं टाकलं, त्यानं माह्या तांड्याचं. दोन्ही गावाइनं इतक्या गोडीनं मिळून केलेलं ते पह्यलं काम असन.

हरीओम, दाराकडं सरकू नको. माय, हातातली चप्पल पायात घाल, भाषन बाकी हाय.

काका मांगून म्हनून राह्यले, "बस खाली, पोट्ट्या." नाही बसत, काका. एका जागी बसता आलं असतं तर वेरावळले काहून गेलो असतो?

पन ठरावात दंड हाय. बंदी मोडनाऱ्यानं पुढची पुरी बंदी तलावाच्या पाळीवर बसून राखन करायची. यंदाची बंदी उद्या लागते; उद्यापासून मी तांड्याच्या बाजूनं बसतो, हरीओम गावाच्या बाजूनं. ताई, राजीनामा मंजूर करू नका. शाल काकाच्या अंगावर राहू द्या, फक्त निरोपाची म्हनू नका.

मले माइक देल्ला, तुमी ऐकून घेतलं, सगळ्याइचे उपकार. बोलन्यात मांगंपुढं झालं असन तर सातवी नापास समजून पोटात घाला. माशाइची चूक मात्र माफ करू नका. ज्याइनं खाल्ले त्याइचीही नाही. ती यादी माह्याजवळ हाय, ताई. तुमचं नाव दुसरं हाय.