बिले कोण देणार?

...नाही, नाही, आधी माझा हा तळहात बघा आणि मग हसा! दिसतोय का पट्टा? हा, आयुष्यरेषेला आडवा गेलाय तो. ज्योतिषाला दाखवला तर म्हणेल, परदेशगमन आहे. कसलं परदेशगमन, डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या जिन्यात झालंय हे! आणि केलेलं काय मी? काही नाही. मी फक्त हात वर केला हो!

तुम्हाला सांगतो, आमची माया, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, वय वर्षं सत्तावन्न, दोन्ही गुडघ्यांना रोज तेल, ही बाई एक दिवस गवार निवडता निवडता म्हणते, "अहो, मी कड्यावरून उतरणार आहे." मी म्हटलं, उतर, पण आधी ती गवार आटप... मला वाटलं गंमत करतेय! तर नाही. आमच्या कॉलनीत सोनल म्हणून एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची, वजन माझ्या एका पायाएवढं, तिचा डोंगरात जाणाऱ्यांचा ग्रुप आहे आणि ती लोकांना रॅपलिंग शिकवते. म्हणजे काय, तर कंबरेला पट्टे आवळायचे, वर कड्याला दोर बांधायचा आणि चांगल्या घरातल्या माणसांनी त्या दोरावरून पाठमोरं खाली यायचं! मी विचारलं, "का पण?" तर माया मान वर न करता म्हणाली, "लहानपणी गावाला सगळी पोरं दोर धरून विहिरीत उतरायची आणि मला काठावर त्यांचे कपडे राखायला बसवायची. पन्नास वर्षं झाली त्याला. मला उतरायचंय." मी शेजारी बसून गवार निवडायला घेतली.

मग सोनलकडे मीटिंग. मी चहासाठी गेलेलो, खोटं कशाला बोलू! पंधरा-वीस माणसं बसलेली, आणि सोनल विचारते, "बरं, काकूंना बिले कोण देणार? जरा वजनदार माणूस पाहिजे हां, आणि भरवशाचा!" अहो, मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत बिल सेक्शनला! बिले तपासणे, बिले परत पाठवणे, बिले दाबून ठेवणे... नाही, ते शेजारचं टेबल! आणि इथे भरसभेत, बायकोसमोर, कोणीतरी विचारतंय, बिले कोण देणार, वजनदार माणूस पाहिजे! मला वाटलं, मिसळीचं असेल, टेम्पोचं असेल, होऊन होऊन किती होणार? केला हात वर. ताठ! टाळ्या पडल्या हो! बिल सेक्शनच्या माणसाला टाळ्या पडलेल्या तुम्ही कधी ऐकल्यात? मी उठून दोन शब्द बोलणार तेवढ्यात सोनल म्हणते, "वा खैरनार काका! म्हणजे काकू वरून येणार आणि खाली दोर तुमच्या हातात!"

माझ्या हातात?... तर हे बिले निघालं इंग्रजी! "सोप्पं आहे काका," सोनल म्हणते, "खाली उभं राहायचं, वर बघत राहायचं, दोर सैल धरायचा. वरच्याचा हात सुटला की दोर गच्च खाली खेचायचा, की त्याच्या कंबरेच्या कडीत दोर आवळतो आणि तो आहे तिथेच थांबतो. बस, एवढंच!" एवढंच! आणि नाही खेचला तर? तर सगळे आपापला चहा फुंकायला लागले. आता मला सांगा, यात माझा काय गुन्हा? मी फक्त हात वर केला हो!

मग तालीम. जिन्यात तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला दोर बांधला, मायाच्या ऐवजी तीस किलो तांदळाचं पोतं लटकवलं आणि खाली मी. सोनल वरून ओरडतेय, "काका, ग्लोव्ह्ज?" मी म्हटलं, "काही लागत नाही, बत्तीस वर्षं फायली उचलल्यात या हातांनी, सोड तू!" सोडलं तिने. मी धरलं... म्हणजे धरलं असं मला वाटलं. दोर मुठीतून असा सर्रर्र गेला, तो हा पट्टा! मी बोंबलत दोर सोडला, पोतं धाडकन खाली, फुटलं, आणि तांदूळ पार गेटपर्यंत! सेक्रेटरी धावत आले, "खैरनार, कोणाचं लग्न लागलं?" आणि माया? ती वरून वाकून त्या फुटक्या पोत्याकडे बघतेय. मला वाटलं, झालं, आता म्हणेल, नको गं बाई. तर काय म्हणाली असेल? "अहो, तुम्हाला हातमोजे घ्यायला हवेत." दुसरा माणूस बघू, असं नाही म्हणाली! पोतं बघून नाही म्हणाली! मला त्या जखमेपेक्षा तेच जास्त लागलं, तुम्हाला सांगतो.

सोनलने मोबाईलवर खास गिर्यारोहणाचे हातमोजे दाखवले. अडीच हजार! मी विचारलं, "हातासकट का?" म्हटलं, थांबा, मी आणतो स्वस्तात. फडके रोडवरून साठ रुपयांत आणले, कोपरापर्यंत येणारे, गुलाबाच्या फुलांचे... हो, स्कूटरवर बायका उन्हाचे घालतात तेच! नरम होते हो! सोनल म्हणाली, "काका, यातून दोर लोण्यासारखा सटकेल." बरं, परत गेलो, चाळीसवाले आणले, पांढरे सुती, तळव्यावर निळे निळे ठिपके, कामगार घालतात ते. पकड काय त्यांची, वा! डबा उघडून बघितला मी, बरणी उघडून बघितली, आमच्याकडची सगळी झाकणं एका दमात उघडली!

आणि मायाने? एक हातमोजा उचलला आणि थेट खाली भिवा इस्त्रीवाल्याकडे! मी मागे मागे. "भिवा, यावर इस्त्री ठेव." तो म्हणतो, "काकू, जळंल ना!" "जळू दे." ठेवली त्याने. आणि ठिपके लागले विरघळायला! सगळी निळाई इस्त्रीच्या बुडाला, भिवा कपाळ बडवतोय, "काकू, गिऱ्हाइकाचे पांढरे शर्ट हायेत!" आणि माया माझ्याकडे वळून शांतपणे सांगतेय, "दोर घासला की तापतो. तापला की हे ठिपके तुमच्या हाताला चिकटणार. चिकटले की तुम्ही बोंबलून दोर सोडणार. आणि मी तांदूळ." अहो, हे हिला शिकवलं कोणी? पण जन्मभर तव्याशी उभ्या राहिलेल्या बाईला तापणं म्हणजे काय ते कोणी शिकवावं लागतं का! इस्त्री मात्र मी घासून दिली भिवाला, अर्धा तास. का? मी फक्त हात वर केला म्हणून!

मग ती स्वतः निघाली. एमआयडीसीत वेल्डिंगच्या सामानाचं दुकान आहे, मालक शिवरामशेठ, मूळचे तिथल्याच गावातले, दुकान त्यांच्या बापजाद्यांच्या शेतात उभं. शेठनी जाडजूड लाल हातमोजे काढले, मी घातले, मला वाटलं, आता सूर्य जरी दिला तरी धरीन! मायाने गल्ल्याच्या फळीवर एक रुपया ठेवला. "उचला." मी उचलतोय... खरवडतोय... रुपया फळीवर फिरतोय, पण हातात येईल तर शपथ! "रुपया कळत नाही, तर दोर काय कळणार? दुसरे दाखवा." दुसरे आले. तिने नाकाशी धरले. "हे रेक्झिन आहे." शेठ आ वासून बघतोय! तिसरे आले, ते उलटे करून बघितले, "शिवण तळव्यावर आलीये, टोचेल." चौथ्यांची बोटं लांब, "टोकं दोरात अडकतील." बिल सेक्शनला बत्तीस वर्षांत मी इतक्या बारकाईने एक कागद तपासला नाही हो! असे आठ जोड झाले आणि नवव्याला आले बकरीच्या कातड्याचे, पातळ, मऊ, बारीक वेल्डिंगवाले वापरतात ते, तळव्याला कातडं दुहेरी, हाताला कसे घट्ट! रुपया? पहिल्या झटक्यात उचलला! किंमत अडीचशे!

हे कशाला हवेत म्हणून शेठ विचारतो, "काकी, तुमाला कनाला व्हवीत यी? येल्डिंग करता?" माया म्हणाली, "नाही. मी कड्यावरून येताना माझा हात सुटला तर हे मला धरणार आहेत." शेठनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघितलं... आणि दुसरा जोड फुकट दिला.

उजाडला तो रविवार. टिटवाळ्याच्या पुढे एक कडा आहे, नाव सांगत नाही, उगाच गर्दी कराल. ऐंशी फूट! वर माया, खाली मी, दोर माझ्या हातात, गळ्यात तिची पर्स, पायाशी तिच्या चपला, खांद्यावर तिची ओढणी. आणि एकदम लक्षात आलं, अरे, आज कपडे राखायला काठावर कोण आहे? मी! छान वाटलं हो. मनापासून सांगतो, फार छान वाटलं.

आणि ती यायला लागली. पाठमोरी, पाय कड्याला रोवून, एकेक पाऊल, गुडघ्याला रोज तेल लावणारी बाई! माझ्या मानेला रग, पण नजर हलवायची नाही. अर्ध्यावर आली आणि थांबली.

"अहो!"

"काय गं?"

"धरलंय ना?"

"धरलंय!"

आणि सोडले की हो तिने हात! दोन्ही! मी किंचाळलो, दोर खेचला, खेचता खेचता मागच्या मागे खाली बसलो, दोर तळव्यातून बोटभर सरकला आणि... थांबला. गच्च! वर माया अधांतरी, दोन्ही हात पसरून, हसतेय! "अहो, इथून काळू नदी दिसते!" रडलो मी. लपवायचं काय त्यात, रडलो. पुसायला हात मोकळे नव्हते.

खाली आल्यावर मी म्हटलं, "अगं, हात का सोडलेस तू?" तर पट्टे सोडवत म्हणते, "अडीचशेचे आहेत. चांगले निघाले का, ते बघायला नको?"

"आणि नसते निघाले तर?"

"तुम्ही होतात की."

तुम्हाला सांगतो, मी बत्तीस वर्षं नोकरी केली, माझ्या सहीवर साहेबसुद्धा डोळे झाकून सही करायचे नाहीत. आणि ही बाई म्हणते, तुम्ही होतात की!

तेवढ्यात सोनल टाळ्या वाजवत आली, "पुढच्या महिन्यात याच्या दुप्पट उंच कडा! काकू येणारच! बिले कोण देणार?" यावेळी मला अर्थ माहीत होता हो! मी दोन्ही हात काखेत दाबून, आभाळाकडे बघत उभा. हलायचं नाही म्हणजे नाही! आणि बघतो तर उजवा हात चाललाय वर... आपोआप... मनगटाला मायाने धरलेलं! टाळ्या पडल्या परत. पण तुम्ही साक्षीला आहात हां, या खेपेला मी हात वर केला नाही. मी फक्त... तो खाली घेतला नाही हो!