राहीबाईंच्या हाताला येणारी फळी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय काकासाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले विद्यालयाचे मुख्याध्यापक. महिला मंडळाच्या अध्यक्षा निकिताताई. आजच्या सत्कारमूर्ती, आदरणीय धनश्री मॅडम. आणि उसाच्या पाण्याची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घालून इथे आलेल्या माझ्या बंधूंनो, आणि घरातलं सगळं आवरून मगच आलेल्या माझ्या भगिनींनो,

निकिताताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्या माणसानं बत्तीस वर्षं गणिताचा तास घेतला, आणि घंटा झाल्यावरही 'एवढं एकच उदाहरण' म्हणत पुढच्या तासातली दहा मिनिटं खाल्ली, त्याला पाच मिनिटं देणं हा एकतर विनोद असतो किंवा सूड. निकिताताई माझी विद्यार्थिनी आहे. तेव्हा मी सूड धरून चालतो.

आणि तो पुढचा तास कुणाचा असायचा? बहुतेक वेळा धनश्री मॅडमचाच. अठरा वर्षं त्यांनी आपल्या विद्यालयात कार्यानुभव शिकवला. परीक्षा जवळ आली की मी शिक्षकखोलीत जाऊन म्हणायचो, "मॅडम, माझं गणित राहिलंय. तुमचं काय, ते शिवणं-टिपणं, पोरं घरीही शिकतील." मॅडम हसून तास द्यायच्या. आज सर्वांसमक्ष कबूल करतो, की त्यातला एकही तास मी परत केला नाही.

पण नियतीचा हिशेब चोख असतो. निवृत्तीनंतर मला मॅडमच्याच वर्गात, बायकांच्या रांगेत, मांडी घालून बसावं लागलं. ते कसं झालं, तेवढंच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. आमच्या सौभाग्यवती राहीबाई तिळगुळासाठी गुळाचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. डबा वरच्या फळीवर, त्यातही मागच्या रांगेत. स्टूल डगमगलं, डबा आधी खाली आला आणि त्याच्या मागोमाग राहीबाई. उजवं मनगट मोडलं. कोपरगावला नेलं, प्लास्टर झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना हा हात हलवायचा नाही.

मित्रहो, त्या दिवशी मला कळलं, की ज्या घरात मी एकतीस वर्षं राहतो, त्या घरात मीठ कुठे असतं हे मला ठाऊक नाही. राहीबाई खाटेवर बसून सांगायच्या, "वरची फळी, डावीकडनं तिसरा डबा, त्याच्या मागं बुटका डबा, त्यात हाय." डोळे मिटून सांगायच्या! आणि मी डोळे उघडे ठेवून चुकायचो. पहिल्या दिवशी मी पिठलं केलं. बेसन म्हणून घेतलं ते निघालं तांदळाचं पीठ. ताट उपडं केलं तरी पिठलं जागचं हललं नाही. राहीबाईंनी डाव्या हाताचं बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पतंगाला लावायला बरं हाय."

शेजारणींनी चार दिवस डबे दिले. पाचव्या दिवशी मला लाज वाटली. धनश्री मॅडम मंगळवारी आणि शनिवारी दुपारी याच सभागृहात घर नीटनेटकं ठेवण्याचा आणि सोप्या स्वयंपाकाचा वर्ग घेतात, हे मला माहीत होतं. जुन्या लुगड्यांचे पडदे, फुटक्या माठात कढीपत्ता, एका आमटीच्या आधणात दोन भाज्या, असलं काय काय तिथे शिकवतात, म्हणून मी त्या वर्गाची चेष्टाही केलेली होती. शनिवारी मी दारात जाऊन उभा राहिलो. आत वीस-बावीस बायका. पुढच्याच रांगेत बनुबाई, म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांनी मला पाहिलं आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारलं, "गुर्जी, वाट चुकला का?"

मी म्हणालो, "नाही. शिकायला आलोय."

जे हसू झालं, ते या भिंतींना अजून आठवत असेल. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हात धुतलेत का?"

त्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे होते. पीठ मळायचं, बोटाएवढी वळी करायची, तिची टोकं जुळवायची आणि लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडायची. बायका बोलता बोलता वळत होत्या. मी खिशातली पट्टी काढली. प्रत्येक वळी बरोबर नऊ सेंटिमीटर. माझे अकरा शेंगोळे होईपर्यंत बाकीच्यांचे शिजून झाले होते. बनुबाई म्हणाल्या, "गुर्जींचं शेंगोळं बोर्डाच्या परीक्षेला बसवा."

आता माझा अपराध ऐका. घरी मी सांगितलं होतं, की मी वाचनालयात जातो. माजी गणितशिक्षक बायकांच्या वर्गात वळ्या वळतो हे राहीबाईंना कसं सांगायचं? त्यामुळे शेंगोळ्यांचा डबा घरी नेला तेव्हा म्हणालो, "बनुबाईंनी दिलेत." राहीबाई पोटभर जेवल्या. मग दर मंगळवारी आणि शनिवारी बनुबाई आमच्याकडे काहीबाही पाठवू लागल्या. बनुबाईंना याचा पत्ता नव्हता.

तो लागला. प्लास्टर निघालं त्या दिवशी राहीबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बनूबाय, शेंगोळं झ्याक झालं हुतं गं." बनुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहिला. आणि म्हणाल्या, "मी कवा केलं शेंगोळं? गुर्जींना इचार." एवढं बोलून त्या घरात गेल्या. सांगितलंही नाही आणि सोडलंही नाही. राहीबाईंनी मला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून 'वाचनालयातनं आलात का' हे त्या ज्या सुरात म्हणायच्या, तो सूर मी अजून विसरलेलो नाही.

मग हाताला विश्रांती म्हणून राहीबाई चार दिवस घोडेगावला बहिणीकडे गेल्या. मी ठरवलं, आता असं काही करायचं की सगळे संशय फिटतील. वर्गात शिकलो होतो: बरण्या पारदर्शक असाव्यात, नावं लिहावीत, प्रत्येक वस्तूला जागा असावी. चार दिवस मी राबलो. सगळे डबे उतरवले, पुसले, सामान बरण्यांत भरलं. सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि सगळ्या बरण्या फळ्यांवर लावल्या, बाराखडीच्या क्रमानं.

हसा, जरूर हसा. मला तेव्हा तो शोध वाटला होता. अळीव, आमसूल, उडीदडाळ, ओवा. चहापूड 'च'मध्ये, साखर 'स'मध्ये. म्हणजे चहा करायचा तर खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचं. आणि गूळ? गूळ पुन्हा वरच्या फळीवर. कारण 'ग' लवकर येतो.

राहीबाई परत आल्या. पिशवी हातात तशीच धरून दारात उभ्या राहिल्या. मी कौतुकाची वाट पाहत होतो. बराच वेळ त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. मग एक बरणी हातात घेतली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "मला तूरडाळ वळकू येत न्हाई का?"

मी म्हणालो, "अगं, सोय व्हावी म्हणून..."

"माजं घर कुठं हाय?" त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. एकतीस वर्षांत मी त्यांना दोनदा रडताना पाहिलं होतं, दोन्ही वेळा मयताला. हात मोडला तेव्हासुद्धा त्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक मॅडमकडे गेलो. तक्रार करायला! म्हणालो, "तुमचं शिकवणं घरी लागू पडत नाही." मॅडमनी चप्पल घातली आणि माझ्याबरोबर घरी आल्या. माझ्याकडे वळूनही न पाहता राहीबाईंना म्हणाल्या, "ताई, मला चहा करून द्याल का? नेहमी करता तसाच."

राहीबाई उठल्या. चहापूड शोधली, साखर शोधली, मग गवती चहाची बरणी घ्यायला टाचा उंचावल्या, हात वर केला आणि कळवळून खाली घेतला. मॅडम नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून खडू काढला. म्हणाल्या, "ताई, इथे भिंतीपाशी उभ्या राहा. दुखणार नाही एवढाच हात वर करा." हात पोचला तिथे खडूनं रेघ ओढली. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, आता तुम्ही."

मी हात वर केला. दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये फूटभर अंतर. आणि आमच्या वरच्या फळ्या कुठे होत्या? बरोबर माझ्या रेघेवर.

"फळ्या कुणी बसवल्या?" मॅडमनी विचारलं.

मला सगळं आठवलं. घर बांधलं तेव्हा गवंड्यानं विचारलं होतं, "गुर्जी, फळ्या किती उंचीवर घेऊ?" आणि मी, या गावाच्या दोन पिढ्यांना लांबी-रुंदी-उंची शिकवणारा मी, सरळ माझा हात वर करून म्हणालो होतो, "इथे."

राहीबाई हळूच म्हणाल्या, "मी तवाच म्हनले हुते, जरा खाली घ्या. तर म्हनले, खाली घेतल्या की डोकं आपटतं."

मॅडमनी विचारलं, "कुणाचं?"

मित्रहो, त्या स्वयंपाकघरात राहीबाईंचा हात मोडेपर्यंत एकतीस वर्षांत मी पाणी प्यायलासुद्धा गेलो नव्हतो. माठ बाहेर पडवीत असतो.

मी मान खाली घालून उभा. निघताना मॅडम सहज म्हणून गेल्या, "आणि गुरुजी, शनिवारी उशीर करू नका. पुरणाचा तास आहे."

राहीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वाचनालयात?"

मी म्हणालो, "वाचनालयात नाही. वर्गात."

"म्हंजी ते शेंगोळं..."

"मीच केले होते."

मला वाटलं आता बरसणार. पण त्या म्हणाल्या, "लसूण कमी हुता." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग आम्ही दोघांनी मिळून माझ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.

दुसऱ्याच दिवशी फळ्या उतरवून फूटभर खाली घेतल्या. या वेळी जागा राहीबाईंनी दाखवल्या, मी फक्त भोकं पाडली. त्यांनी लावलेलं सामान पाहिलं आणि मला कळलं, की क्रम त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. चहाचं सगळं एका जागी. भाकरीचं शेगडीजवळ. पाहुण्यांचं वेगळं. सुंठ, ओवा, हळद असं दुखण्याखुपण्याचं खिडकीशी, घाईत हाताला यावं असं. एक छोटी फळी मात्र त्यांनी रिकामीच ठेवली. मी विचारलं, "इथे काय ठेवू?" म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मोकळी. बगायला बरं वाटतं." ती अजून मोकळी आहे. मी एकदा तिथे चष्मा ठेवला होता, तो लगेच पडवीत आला.

मॅडम आता नाशिकला लेकीकडे जात आहेत. मंडळानं त्यांना विचारलं, भेट काय द्यायची? शाल, चांदीचा गणपती, सगळ्याला त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, "राहीबाईंच्या घरी एकदा जेवायला बोलवा." म्हणून काल दुपारी त्या आमच्याकडे आल्या. राहीबाई पदर खोचून उठल्या, तेव्हा मॅडमनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, आज वाढणारे तुम्ही."

शेवग्याची आमटी मी आधीच केली होती. लसूण भरपूर. मग बाजरीची भाकरी थापायला घेतली. वर्तुळाची व्याख्या मी झोपेत सांगेन, पण माझी भाकरी अजून तालुक्याच्या नकाशासारखी होते. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि मी ती तशीच राहीबाईंच्या ताटात टाकली. त्यांनी तुकडा मोडला, वाफ निघाली, फुंकर मारून तोंडात घातला आणि थांबल्या.

मी म्हणालो, "काय झालं? कच्ची राहिली का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तव्यावरची गरम भाकरी अशी लागती व्हय. आमी कवा खाल्लीच न्हाई."

मॅडमनी स्वतःचं रिकामं ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, दुसरीही त्यांनाच वाढा."

धनश्री मॅडम, अठरा वर्षं तुम्ही या गावाच्या लेकी-सुनांना शिकवलंत आणि शेवटी शेवटी एका म्हाताऱ्या विद्यार्थ्यालाही पदरात घेतलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. मला बोलण्याची संधी देणाऱ्या मंडळाचे आणि अध्यक्षमहोदयांचे आभार. घरातल्या गोष्टी चारचौघांत मांडल्या, त्यात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. इथेच थांबतो, आणि आपणा सर्वांना नमस्कार करतो.